धूळपाटी ते क्यूआर कोड : वर्गात कोण कोणाशी बोलतं?

पेट पास झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विषय कोणता घ्यायचा? आपल्या भागात शिक्षणशास्त्र किंवा इतिहास घेतलेल्या बऱ्याच जणांच्या वहीत एका ठरावीक साच्याचं शीर्षक सापडतं. "हिंगोली जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमधील डिजिटल साधनांच्या परिणामकारकतेचा अभ्यास." शीर्षकात चूक काही नाही. पण गाईडसमोर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अडचण येते. साधन म्हणजे कोणतं? परिणाम कशावर? आणि ते साधन यायच्या आधी त्या जागी काय होतं?

हा शेवटचा प्रश्न इतिहासाचा आहे. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये तो 'प्रास्ताविक' नावाच्या दीड पानात उरकला जातो आणि तिथंच विषय कच्चा राहतो. म्हणून आज आपण एका छोट्या विषयाचा इतिहास सोबत वाचू: वर्गातल्या मुलांनी एकमेकांशी बोलावं, मिळून शिकावं यासाठी साधनं कधी आणि कशी आली, आणि त्यांचं पुढं काय झालं. मध्ये मध्ये रिसर्चच्या दृष्टीनं काय टिपून ठेवायचं तेही सांगतो.

आधी 'संवाद' म्हणजे काय ते ठरवू

औंढा नागनाथ आपल्याच जिल्ह्यात आहे आणि संत नामदेवांचं गाव म्हणून ओळखली जाणारी नरसीही इथलीच. विसोबा खेचरांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं तूच माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय जिथं जिथं ठेवले तिथं पिंड दिसली. ही आख्यायिका आहे, ऐतिहासिक पुरावा म्हणून ती मी सांगत नाही. पण शिकवण्याची एक रीत तिच्यात स्पष्ट दिसते. गुरूनं उत्तर दिलं नाही. शिष्याला स्वतःचा समज स्वतः तपासायला लावला.

आता आपला नेहमीचा वर्ग आठवा. सर प्रश्न विचारतात, एक मुलगा उत्तर देतो, सर म्हणतात "शाब्बास, बस खाली." पुढचा प्रश्न, पुढचा मुलगा. १९७५ मध्ये जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थार्ड यांनी इंग्लंडमधल्या वर्गांत आणि १९७९ मध्ये ह्यू मेहान यांनी अमेरिकेतल्या वर्गात हाच साचा नोंदवला: शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकाचा शेरा. भाषा कोणतीही असो, वर्गातल्या बोलण्याचा मोठा भाग याच तीन पायऱ्यांत संपतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं तर घड्याळ लावून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात. हा वेळ तीन सेकंद केला की मुलांची उत्तरं लांब होतात, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत तीही बोलायला लागतात. १९७० च्या दशकातलं हे काम आजही कोणीही, कोणत्याही शाळेत, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर करून बघू शकतो.

म्हणजे नुसतं 'मुलं बोलली' एवढ्यावर संवाद झाला असं म्हणता येत नाही. पुढचा सगळा इतिहास वाचताना मी तीन प्रश्न हाताशी ठेवतो, तुम्हीही ठेवा.

एक: या साधनामुळं एका मुलाचं म्हणणं दुसऱ्या मुलाला दिसतं का, की फक्त शिक्षकालाच दिसतं?
दोन: दिसल्यावर ते बदलता, पुसता, पुढं नेता येतं का?
तीन: हे सगळं कोणाच्या भाषेत चालतं?

धूळपाटी आणि मद्रासचा पाद्री

'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्दप्रयोग आपण अजून वापरतो, पण त्यामागची वस्तू विसरलो. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा काढायचं. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांना ही धूळपाटी सरळ 'हो' म्हणते. शेजारच्याला दिसते आणि पुसता येते. चूक नोंदीत राहत नाही, म्हणून चूक करायची भीती कमी. पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांना गिरवायला लावत, त्यामुळं शिकवणारा एकटा पंतोजी नसे.

अँड्र्यू बेल नावाचे पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात होते. देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं काढतात हे त्यांनी पाहिलं, ते आपल्या शाळेत आणलं आणि त्याला मुलांनीच मुलांना शिकवण्याची जोड दिली. १७९७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकॅस्टर यांनी याच धर्तीवर मॉनिटर पद्धत चालवली. मग हीच पद्धत 'इंग्लंडची नवी पद्धत' होऊन १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांत परत आली. आपलीच गोष्ट बाहेर जाऊन, नाव बदलून, सरकारी योजना होऊन परत येणं हा प्रकार काही आजचा नाही.

पण इथं 'जुनं ते सोनं' म्हणून थांबू नका. पंतोजींच्या शाळेत घोकंपट्टी होती, छडी होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. मुलींना आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना तिथं जागा नव्हती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली ती म्हणूनच. साधन कितीही मोकळं असलं तरी वर्गात कोणाला बसू दिलं हे आधी विचारायचं. रिसर्चच्या वहीत हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

हिंगोली तेव्हा कुठं होती?

वर 'मुंबई इलाखा' म्हटलं, पण हिंगोली त्यात नव्हतीच. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास म्हणून जे पुस्तकांत येतं ते बरंचसं मुंबई-पुण्याचं असतं. ते जसंच्या तसं मराठवाड्याला लावलं तर पहिल्याच प्रकरणात घोळ होतो.

संस्थानाची राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानं उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरवलं. भारतीय भाषेत विद्यापीठ चालवण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता, हे मान्यच करावं लागेल. पण मराठी घरातल्या मुलाला पुढं शिकायचं तर दुसऱ्याच्या भाषेतून शिकावं लागे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांना मराठवाड्यात एवढं मोल का आलं, आणि या दोन्ही शाळांत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढं मुक्तिसंग्रामाचे नेते कसे झाले, ते या पार्श्वभूमीवर कळतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्याही खाली होती. पुढं १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

आपला तिसरा प्रश्न, 'कोणाच्या भाषेत?', इथल्या मातीत असा रुजलेला आहे. तो पुढं पुन्हा येणार आहे.

एकाच बाजूनं बोलणारी यंत्रं

१ ऑगस्ट १९७५ ला 'साईट' हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही संच बसवले गेले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही ती राज्यं. महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे जुन्या निजामी राज्यातल्याच गुलबर्गा-रायचूरच्या गावांत उपग्रहाचा टीव्ही पोचला आणि शेजारचा मराठवाडा बाहेर राहिला. साईटवर खूप चांगलं संशोधन झालेलं आहे, लिटरेचर रिव्ह्यूसाठी ते जरूर वाचा. आपल्या प्रश्नापुरतं सांगायचं तर टीव्ही बोलत होता आणि वर्ग ऐकत होता.

त्यानंतर इन्सॅट आला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. मराठीतून मुलांसाठी कार्यक्रम करणारी आणि दूरदर्शनवरून ते गावोगाव पोचवणारी ही सरकारी संस्था २०१७ मध्ये बंद झाली. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी शिक्षकांना तिचे कार्यक्रम आठवतात. ज्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती तिथं मराठीतून विज्ञानाचा प्रयोग दिसणं ही लहान गोष्ट नव्हती. एकतर्फी म्हणजे निरुपयोगी असं समजू नका. पण कार्यक्रम बघून मुलाला काही सुचलं, तर ते सांगायला त्या यंत्रात जागा नव्हती. ती जागा शिक्षकानं करायची होती. कार्यक्रमानंतर चर्चा झाली की नाही हे मात्र नोंदीत क्वचितच सापडतं.

१९८४ मध्येच 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या सुरुवातीच्या २५० शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आले. इथून शाळेत 'कॉम्प्युटर रूम' नावाची खोली तयार झाली. संगणक हा स्वतंत्र विषय झाला, त्याचा स्वतंत्र तास झाला. इतिहास, मराठी, गणित शिकताना मुलांना एकमेकांशी बोलायला तो उपयोगी पडेल ही कल्पना त्या खोलीच्या बाहेरच राहिली.

त्याच काळात दुसरीकडे

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा चालू होती. ती बनवली होती धडे देण्यासाठी. पण १९७३ मध्ये तिच्यावर 'नोट्स' आणि 'टॉकोमॅटिक' ही साधनं आली आणि लोक एकमेकांना लिहू लागले. धडे देणाऱ्या यंत्रावर गप्पा सुरू झाल्या.

जाणूनबुजून संवादासाठीच बनवलेलं साधन हवं असेल तर टोरांटोकडे बघा. मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर यांनी १९८० च्या दशकात 'सीसाईल' बनवलं, पुढं त्याचं 'नॉलेज फोरम' झालं. मूल आपली टीप सगळ्यांच्या सामाईक जागेत लिहितं. लिहिताना सुरुवात निवडायची: 'माझा अंदाज असा आहे', 'मला हे समजून घ्यायचं आहे'. दुसरं मूल त्याला जोडून लिहितं. टीप चुकीची असू शकते, कारण ती उत्तर म्हणून नव्हे, पुढं नेण्यासाठी मांडलेली असते. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांना इतकं थेट उत्तर देणारं साधन धूळपाटीनंतर बहुधा हेच.

तिसरा धागा इंग्लंडचा. नील मर्सर, रुपर्ट वेगेरिफ आणि लिन डॉज यांनी १९९० च्या दशकात मुलं संगणकासमोर गटात बसून काय बोलतात ते रेकॉर्ड केलं. बरंच बोलणं नुसतं भांडण होतं ("माझा नंबर, तू सरक") किंवा नुसती होला हो. कारण देत, एकमेकांना तपासत केलेलं बोलणं कमी. मग त्यांनी संगणकाला हात न लावता आधी बोलण्याचे नियम मुलांसोबत ठरवले: प्रत्येकाला विचारायचं, कारण मागायचं, एकमत झाल्यावरच बटण दाबायचं. असे वर्ग गटात तर पुढं गेलेच, एकेकट्या मुलाच्या तर्काच्या चाचणीतही पुढं गेले. ऑस्लो आणि केंब्रिजच्या संशोधकांनी 'टॉकवॉल' हे साधन याच विचारातून केलं. गटानं आधी बोलून एक वाक्य ठरवायचं आणि मगच ते सगळ्यांना दिसणाऱ्या भिंतीवर लावायचं.

सगळ्यात उपयोगी धडा मला हा वाटतो: मर्सरांच्या गटानं साधनाच्या आधी बोलण्याचे नियम आणले.

खैराटची शाळा

आता महाराष्ट्रात येऊ. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची छोटी वस्ती आहे. २००७ मध्ये तिथल्या शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक कार्यक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. एक खोली, पहिली ते चौथी, विसेक मुलं. हिंगोलीच्या वाडी-तांड्यावरची शाळा डोळ्यासमोर आणा, चित्र फार वेगळं नाही.

एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. प्रत्यक्षात तो शंभराला कधी मिळाला नाही. २००६ मध्ये भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं या योजनेला नकार दिला. देशाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असा त्यामागचा विचार. त्यामुळं खैराटसारखे प्रयोग लहान आणि खासगी मदतीवरच राहिले.

बातम्या झाल्या त्या किंमतीच्या. पण आपल्या विषयासाठी त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमधल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. पहिली, हे लॅपटॉप इंटरनेट नसतानाही एकमेकांना जोडले जात. दुसरी, त्यातल्या 'शुगर' या प्रणालीत 'शेजार' दाखवणारा पडदा होता. आजूबाजूला कोणकोण आहे, कोण चित्र काढतंय, कोण लिहितंय ते दिसायचं आणि त्याच्या कामात सामील होता यायचं. म्हणजे एकत्र काम करण्याची सोय यंत्राच्या घडणीतच होती. रेंज नसलेल्या वाडीवरच्या बहुवर्ग शाळेला यापेक्षा सोयीचं काय असणार?

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले जी. नागार्जुन आणि त्यांचे सहकारी या साधनांवर पुढं काम करत राहिले. आपलं काम शेजारच्याला लगेच दाखवता आलं तर मुलं त्यात किती रमतात, हा त्यांच्या अभ्यासातला एक प्रश्न होता. प्रश्नाची मांडणी बघा. 'लॅपटॉपचा परिणाम' असा ढोबळ प्रश्न त्यांनी घेतला नाही. लॅपटॉपमधली एकच सोय, 'लगेच दाखवता येणं', वेगळी काढली आणि तेवढीच तपासली. सिनॉप्सिसमध्ये प्रश्न असा बारीक करता यायला हवा.

उलट बाजूही वाचा. याच लॅपटॉपवर पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा मोठा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले: गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. हा निष्कर्ष भक्कम आहे, तो टाळू नका. फक्त त्यानं मुख्यतः काय मोजलं तेही बघा. 'शेजार' पडद्यावर मुलं एकमेकांशी काय बोलली हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता. एका अभ्यासानं 'गुण वाढले नाहीत' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'मुलं जास्त रमली' म्हटलं, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. व्हायव्हात हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

फलटण, आणि हैदराबादकडचा एक प्रयोग

सुगत मित्रांचा भिंतीतला संगणक तुम्हाला माहीत असेल, १९९९ चा, दिल्लीच्या कालकाजीतला. मुलं घोळक्यानं एका पडद्याभोवती जमतात आणि शिकतात, हे त्यांचं निरीक्षण. २०१३ मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं. त्यातून 'स्कूल इन द क्लाउड'ची केंद्रं उभी राहिली, त्यातलं एक साताऱ्यातल्या फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत. मूल आपल्या बोलीतून लिहायला कसं शिकतं यावर आधीच वर्षानुवर्षं काम झालेली ही संस्था. त्यामुळं फलटणचं उदाहरण वाचताना 'संगणक आला आणि मुलं शिकली' असं सरळ गणित मांडता येणार नाही. संगणकाच्या आधी तिथं काय होतं तेही मोजावं लागेल.

दुसरा प्रयोग 'क्लिक्स'. टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून तो २०१५ च्या सुमारास सुरू केला. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणा या राज्यांतल्या सरकारी माध्यमिक शाळांत तो चालला. २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: 'बडी लॉगिन', म्हणजे दोघा-तिघांनी मिळून एका संगणकावर आपापल्या नावानं एकत्र लॉगिन करायचं. शाळेत संगणक कमी ही अडचण होती. तिलाच त्यांनी अध्यापनाची रीत केली. एका पडद्यापुढं तिघं, म्हणून बोलावंच लागतं. सगळं शाळेतल्याच सर्व्हरवर, नेट नसलं तरी चालेल असं. तेलंगणा आणि मराठवाडा एकेकाळी एकाच संस्थानात होते, तेव्हा तुलनात्मक अभ्यासाला इथं मोठी जागा आहे.

२०१५ नंतरचा महाराष्ट्र

२२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय हा आपल्या काळातला महत्त्वाचा दस्तऐवज आहे. ज्ञानरचनावादाची भाषा त्यानंतर झेडपीच्या शाळेशाळेत पोचली. फरशीवर आखलेले तक्ते, गटात बसलेली मुलं, मणी आणि काड्या. त्याच सुमारास लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, टॅब आले आणि 'डिजिटल शाळा' हा शब्द रूढ झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढं राज्याच्या पुस्तकांत ते आले, आणि ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राईज मिळालं. केंद्राचं 'दीक्षा' ५ सप्टेंबर २०१७ चं.

इथं आपले तीन प्रश्न लावा. फरशीवरचा तक्ता सगळ्यांना दिसतो, खडूनं पुसता येतो, भोवती बसून बोलता येतं. क्यूआर कोड मात्र मुलाला व्हिडिओपर्यंत नेतो. तो व्हिडिओ उत्तम असेल, तरी शेजारच्या मुलापर्यंत नेत नाही. एकाच वर्षातल्या, एकाच शाळेतल्या दोन साधनांची दिशा वेगळी असू शकते. 'डिजिटल शाळा' या एकाच शब्दाखाली दोन्ही टाकली की हा फरक हरवतो.

मग २०२० आलं. एप्रिलमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मालिका व्हॉट्सॲपवर सुरू झाली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली', नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवरचा 'स्वाध्याय'. शिक्षक पाड्यावर, तांड्यावर जाऊन ओट्यावर वर्ग घेत होते. व्हॉट्सॲप हे मुळात दोन्हीकडून बोलण्याचं साधन, पण शाळांचे कितीतरी ग्रुप 'ओन्ली ॲडमिन'वर ठेवलेले होते. त्याला कारणंही होती: गुड मॉर्निंगचे फोटो, घरातला एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. संवादाचं साधन सूचनाफलक कसं होतं, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

हिंगोलीत बसून काय शोधायचं?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११.७७ लाख, त्यातली सुमारे ८५ टक्के ग्रामीण. पाच तालुके: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. कळमनुरी भागातल्या आंध आदिवासी मुलांच्या बोलीची स्वतःची ढब आहे. शहरात दखनी-उर्दू आहे. पुस्तक, व्हिडिओ आणि क्यूआर कोड मात्र प्रमाण मराठीत. आजोबांना उर्दूतून शिकावं लागलं, नातीला तिच्या घरात कोणी बोलत नाही अशा मराठीतून. गटात बसवून टॅब दिला की कोण बोलणार? ज्याला ती भाषा आधीच येते तोच. दुसरं मूल टॅब धरून बसेल आणि फोटोत छान दिसेल.

मोठा मुद्दा हा आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया होत आहे. २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर करणाऱ्या २०१६ च्या निबंधावर हजाराहून अधिक नावं आहेत. आजचं विज्ञान असं मिळून चालतं. त्याच तालुक्यातल्या मुलीला 'सर, मला पटलं नाही, कारण...' हे वाक्य दहावीपर्यंत एकदाही बोलायची वेळ आली नाही, तर ती प्रयोगशाळा तिच्या गावाजवळ असूनही तिच्यापासून लांबच राहील.

आता पुरावे कुठं शोधायचे ते सांगतो. शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही बघा: टीव्ही कधी आला, कोणी दिला, निर्लेखन कधी झालं. शेरेबुक बघा: तपासणीला आलेल्या साहेबांनी 'संच चालू आहे' एवढंच लिहिलं की मुलं काय करत होती तेही लिहिलं? शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त बघा. थकलेल्या वीजबिलाची पत्रं बघा, कारण वीज तुटली तो महिना टीव्हीच्या इतिहासातला रिकामा महिना आहे. निवृत्त शिक्षक आणि केंद्रप्रमुखांच्या मुलाखती घ्या, आणि त्या काळात विद्यार्थी असलेल्यांच्याही घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपचे मेसेज वापरायचे असतील तर लेखी संमती आधी, नावं काढून टाकायची. मुलांचा डेटा आहे, इथं हयगय चालत नाही.

एक सावधगिरी. कागदावर वस्तू सापडतात, बोलणं सापडत नाही. खरेदीची पावती टिकते, वर्गातली चर्चा विरून जाते. त्यामुळं कागदांवरच भिस्त ठेवली तर तुमचा इतिहास आपोआप यंत्रांचा इतिहास होतो. बोलण्याचा इतिहास हवा तर मुलाखती आणि आजच्या वर्गांचं निरीक्षण यांची जोड द्यावीच लागेल.

आणि सुरुवातीचं ते शीर्षक? ते असं करून बघा: "हिंगोली जिल्ह्यातील बहुवर्ग प्राथमिक शाळांतील साधने आणि विद्यार्थी-विद्यार्थी संवाद : १९९९ ते २०२०." काळ ठरला, जागा ठरली, काय बघायचं ते ठरलं. 'परिणामकारकता' हा शब्द गेला, तरी गाईड रागावणार नाहीत.

या आठवड्यासाठी एक काम. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक तास मागं बसा. वहीत तीन रकाने आखा: शिक्षक मुलाशी बोलले, मूल शिक्षकाशी बोललं, मूल मुलाशी अभ्यासाचं बोललं. प्रत्येक वेळी एक रेघ मारा. प्रश्नानंतर सर किती सेकंद थांबले तेही दोन-चार वेळा टिपा. टीव्ही किंवा टॅब लावला असेल तर तास दोन भागांत मोजा, साधन चालू असताना आणि बंद असताना. तिसऱ्या रकान्यात किती रेघा आल्या ते बघा, मग सिनॉप्सिस लिहायला बसा.